घरच्या संगणकावरून कॉल: बिघाड इकडे, त्रास तिकडे

घरच्या संगणकावरून इंटरनेट कॉल करताना बिघाड ज्याच्याकडे असतो, बहुतेक वेळा त्याला तो कळतच नाही. तुमचा माइक खरखरत असेल तर ती खरखर शिकागोतल्या मुलीला ऐकू येते. तुम्हाला तिचा आवाज स्वच्छ येत असतो. तिला स्वतःचंच बोलणं परत घुमून ऐकू येत असेल, तर बहुधा तुमच्या स्पीकरमुळे. म्हणून "माझ्याकडे तर सगळं व्यवस्थित आहे" हे वाक्य अशा कॉलमध्ये जवळजवळ निरुपयोगी असतं. दोन्हीकडचे लोक ते मनापासून म्हणतात आणि मग दोघं मिळून नेटला शिव्या घालतात. नेटचा दोष असतोही, पण आपल्याला वाटतो तितक्या वेळा नाही.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की ५ मे २०२५ला मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केलं. २००३ साली सुरू झालेल्या या सॉफ्टवेअरवर अनेक ज्येष्ठ मंडळी परदेशातल्या मुलांशी बोलायला शिकली होती. निळं चिन्ह दाबायचं, नाव निवडायचं, हिरवं बटण दाबायचं, एवढं हाताला बसलेलं होतं. आता नवं काहीतरी बसवायचं म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यासाठी आधी आवाज जातो कसा ते पाहू, म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी बिघाड कुठे शोधायचा ते कळेल.

माइक हवेतल्या कंपनांचा विजेचा सिग्नल करतो आणि संगणक त्या सिग्नलचं सतत मोजमाप घेतो. जुन्या डिजिटल टेलिफोनमध्ये हे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा व्हायचं आणि साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) एवढाच पट्टा पुढे जायचा. फोनवर 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते ती यामुळेच. या अक्षरांचा बराचसा भाग त्या पट्ट्याच्या वर असतो. आताचे कॉल सेकंदाला ४८,०००पर्यंत मोजमापं घेऊ शकतात. नंतर कोडेक नावाचा प्रोग्राम त्या आकड्यांची घडी घालून त्यांना लहान करतो. ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलमध्ये यासाठी बहुतेक वेळा 'ऑपस' वापरतात. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ऑपसचा एक भाग स्काइपच्याच 'सिल्क' या कोडेकमधून आलाय. म्हणजे स्काइपचं चिन्ह गेलं, पण आवाजाची घडी घालायची त्याची रीत टिकून आहे.

घडी घातलेला आवाज सहसा २० मिलिसेकंदांच्या पुड्यांमध्ये निघतो, म्हणजे सेकंदाला ५० पुड्या. ईमेलमध्ये किंवा वेबसाइट उघडताना एखादी पुडी हरवली तर संगणक ती पुन्हा मागवतो. बोलण्यात तसं सहसा करत नाहीत, कारण पुन्हा मागवलेलं अक्षर येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. हरवलेल्या जागी सॉफ्टवेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने काहीतरी भरतं. थोड्या पुड्या हरवल्या तर कानाला कळत नाही. जास्त हरवल्या की तो यंत्रमानवासारखा ताणलेला आवाज येतो, तो या अंदाजाचाच.

पुड्या पोचतात त्याही सारख्या अंतराने नाही. एखादी लवकर, तीन उशिरा, मग पाच एकदम. म्हणून ऐकणाऱ्याच्या संगणकात छोटा साठा ठेवलेला असतो. नगरपालिकेचं पाणी कधीही, कसंही आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ सारखा वाहतो, तसं हे. फरक इतकाच की इथे टाकी जितकी मोठी, तितका आवाज उशिरा. एका बाजूने बोललेलं दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत धरलंय. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, मग "बोल, बोल, तू बोल" सुरू होतं.

कुठलं सॉफ्टवेअर?

यावर फार वेळ घालवू नये. समोरचा जे वापरतो, ते घ्यावं. घरात सगळ्यांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप असेल तर संगणकावर त्याचंच डेस्कटॉप ॲप बसवणं सगळ्यात सोपं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून तिथून घ्या. गूगलवर नाव शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या नकली डाउनलोड पानांची तिथे कमी नाही. ॲप उघडलं की पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड येतो. मोबाइलमधल्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तो स्कॅन केला की काम झालं. पुढे मोबाइल बंद असला तरी संगणकावरून कॉल लागतो. मात्र मोबाइलवरचं व्हॉट्सॲप १४ दिवसांहून जास्त काळ वापरलं नाही तर जोडणी तुटते. "आपोआप लॉगआउट झालं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

गूगल मीटला काही बसवावंच लागत नाही. क्रोममध्ये मीट डॉट गूगल डॉट कॉम टाइप करा, जीमेलच्या खात्याने आत जा, नवी मीटिंग तयार करा आणि लिंक समोरच्याला पाठवा. मोफत खात्यात तिघं किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांची मर्यादा आहे. दोघांच्या कॉलला ती अडचण नाही. झूमचं मोफत खातं ४० मिनिटांना थांबवतं. स्काइपच्या जागी मायक्रोसॉफ्टने टीम्स पुढे केलंय. ते चालतं, पण मुळात कार्यालयासाठी बनवलेलं असल्याने घरगुती कॉलसाठी मला ते जड वाटतं.

दुबई-अबुधाबीला कोणी असेल तर गणित वेगळं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण कॉल तिथल्या नियमांमुळे अडवलेले असतात. तिथली मराठी मंडळी बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात, तेव्हा आपल्याकडेही तेच बसवावं लागतं. कॉल लागत नाही म्हणून आपला राउटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही.

आणखी एक. यातल्या कशावरूनही साध्या लँडलाइनला सरळ फोन लावता येईल असं धरून चालू नका. स्काइपवरून पैसे भरून तसे फोन लागायचे, पण भारतातल्या भारतात ती सोय १० नोव्हेंबर २०१४लाच थांबली होती. अडीअडचणीला ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावायचा तर तो मोबाइलवरून किंवा साध्या फोनवरूनच.

माइक मुका का होतो

"आई, तू दिसतेयस, पण आवाज येत नाहीये." नव्या माणसाचा पहिला कॉल बहुतेक या वाक्याने सुरू होतो. याची कारणं मोजकी आहेत आणि ती एका क्रमाने तपासली तर फार वेळ जात नाही.

सुरुवात वायरपासून. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतात, म्हणजे पिनचे चार भाग. एक भाग माइकसाठी. आजच्या लॅपटॉपला एकच खाच असते आणि तिला ही पिन चालते. जुन्या डेस्कटॉपला मात्र दोन खाचा असतात, हिरवी ऐकण्यासाठी आणि गुलाबी माइकसाठी. मोबाइलचा इअरफोन हिरव्या खाचेत घातला की ऐकू छान येतं आणि माइक ठार मुका. त्यासाठी एका पिनच्या दोन करणारी छोटी वायर मिळते, किंवा सरळ यूएसबी हेडफोन घ्यावा. मी दुसरं सुचवेन. यूएसबीला रंगांची भानगड नाही, आणि खाच जुनी होऊन खरखरण्याचा प्रश्नही नाही.

मग विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'साउंड'. इथे ऐकायचं कुठून आणि बोलायचं कुठून अशा दोन याद्या असतात. वेबकॅममध्ये एक माइक, लॅपटॉपमध्ये एक, हेडफोनमध्ये एक. संगणक यातला कुठलाही धरून बसतो. तुम्ही हेडफोनच्या माइकमध्ये बोलत असता आणि तो वेबकॅमच्या माइकने पंखा ऐकत असतो. हवा तो माइक निवडून दोन शब्द बोला; शेजारची पट्टी हलली तर माइक जिवंत आहे. ऐकण्याच्या यादीतही अशीच गंमत असते. एचडीएमआय वायरने जोडलेल्या मॉनिटरला स्पीकर नसले तरी विंडोज कधी कधी आवाज तिकडेच पाठवत राहतो.

पट्टी हलते, तरी समोर आवाज जात नाही? मग परवानगी पाहा. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'मायक्रोफोन' उघडा आणि ॲपना माइक वापरू देण्याची बटणं चालू आहेत ना ते बघा. ब्राउझर स्वतःची परवानगी वेगळी मागतो. मीट पहिल्यांदा उघडताना डावीकडे वर एक चौकट येते, तिथे 'अलाऊ' दाबायचं असतं. घाबरून 'ब्लॉक' दाबलं की ब्राउझर पुन्हा विचारत नाही, नकार लक्षात ठेवतो. तेव्हा पत्त्याच्या डाव्या टोकाला असलेल्या छोट्या चिन्हावर क्लिक करून माइक आणि कॅमेरा पुन्हा चालू करावे लागतात.

शेवटी राहतात ती खरी बटणं. हेडफोनच्या वायरवर एक सरकती कळ असते, खिशात ठेवताना ती बंद होते. काही लॅपटॉपवर माइक बंद करणारी कळ फंक्शनच्या ओळीत असते आणि कॅमेऱ्यावर सरकतं झाकण असतं. कॅमेरा काळा दिसतोय म्हणून दुकानात नेण्याआधी ते झाकण बघावं.

हे सगळं कॉलच्या आधी करायचं असतं, आणि एकट्याने करता येतं. विंडोजच्या 'साउंड रेकॉर्डर'मध्ये अर्धा मिनिट बोला आणि ऐका. समोरच्याला तुमचा आवाज कसा जाणार आहे, हे तुम्हाला स्वतःला कळण्याचा हा जवळपास एकमेव मार्ग. झूमची चाचणी मीटिंग आहे, तीही हेच काम करते: तुमचं बोलणं टिपून तुम्हालाच ऐकवते.

घुमणारा आवाज

समजा तुम्ही नाशिकला लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकताय आणि मुलगा पुण्याहून बोलतोय. त्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, भिंतीवर आपटतो, तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि परत पुण्याला जातो. पाव-अर्ध्या सेकंदाने त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. तो म्हणतो, "बाबा, घुमतंय." तुम्हाला काहीच घुमत नसतं, म्हणून तुम्ही म्हणता, "तुझ्याकडे बघ काय झालंय." बिचारा हेडफोन बदलतो, वायफाय बदलतो. उपाय तुमच्या हातात असतो, स्पीकरचा आवाज कमी करणं किंवा हेडफोन लावणं.

सॉफ्टवेअर हा घुमणारा आवाज स्वतःहून काढायचा प्रयत्न करतं. स्पीकरला काय पाठवलं ते त्याला माहीत असतं, म्हणून माइकमधून येणाऱ्या आवाजातून तेवढं वजा करता येतं. लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर आणि स्वतःचा माइक असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. ब्लूटूथ स्पीकर जोडला किंवा आवाज टीव्हीतून काढला की मधे उशीर वाढतो, आवाजाचं रूप बदलतं आणि वजाबाकी चुकायला लागते. दिवाळीत टीव्हीवर मोठ्ठा कॉल लावून सगळ्या घराने बोलायची हौस असते, तिथे हे हमखास होतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे एकाच खोलीत दोन यंत्रं एकाच कॉलवर. आजोबा लॅपटॉपवर, आजी त्याच कॉलला मोबाइलवरून. एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये, दुसऱ्याचा पहिल्याच्या, आणि मग ती कानठळ्या बसवणारी शीळ. इथे वजाबाकी चालतच नाही, कारण दुसऱ्या यंत्राने काय वाजवलं हे पहिल्याला ठाऊक नसतं. एका खोलीत एकच यंत्र ठेवावं. दुसरं लागणारच असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल लोकांची वेगळीच तक्रार असते. गाणी सुंदर वाजतात, कॉल लागला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हेडफोन बिघडलेला नसतो. साधारण ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक पद्धत आणि बोलण्यासाठी दुसरी पद्धत असते. माइक चालू झाला की हेडफोन दुसऱ्या पद्धतीवर जातो आणि दर्जा उतरतो. घरी बसून बोलायचं असेल तर स्वस्तातला वायरवाला हेडफोन महागड्या ब्लूटूथपेक्षा सरस, हे माझं ठाम मत.

आता नेट

नुसत्या आवाजाला नेट फार थोडं लागतं. तासभराच्या बोलण्याला तीस-चाळीस एमबी पुरतात. व्हिडिओ दोन्ही बाजूंनी सेकंदाला एकेक मेगाबिट (एमबीपीएस) वेगाने चालला तर तासाला जवळपास ९०० एमबी जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये, हा फरक लगेच जाणवतो.

पण लोक मोजतात ते डाउनलोड. कॉलमध्ये तुमचा आवाज जातो अपलोडवर. हॉटस्पॉटवर किंवा काही जुन्या ब्रॉडबँड जोडण्यांवर अपलोड खूपच कमी असतो. मग तुम्हाला नात स्पष्ट दिसते, ऐकू येते, आणि तिला मात्र तुम्ही तुकड्यातुकड्यांत दिसता. त्यातच घरातला मोबाइल त्याच वेळी सहलीचे चारशे फोटो क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठवणीत, चढवत असेल तर उरलासुरला अपलोडही संपतो. वेग तपासताना दुसरा आकडाही बघा.

पुष्कळदा बिघाड कंपनीच्या तारेत नसून राउटर आणि संगणक यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांत असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारच्या सगळ्या फ्लॅटची गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. राउटर ५ गिगाहर्ट्झचा असेल तर जवळच्या खोलीत तो वापरावा. त्याहून उत्तम म्हणजे नेटवर्कची वायर. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग त्याला वायफायवर ठेवायचं कारण काय? जोडणी वायरने केली की पुड्यांचं मागेपुढे होणं कमी होतं, साठा लहान राहतो आणि उशीरही घटतो. कारण शोधायचंच असेल तर लॅपटॉप उचलून राउटरशेजारी बसा. तिथे सगळं ठीक चाललं तर तक्रार वायफायची; तिथेही तुटलं तर मग कंपनीला फोन करा.

वीज जाते त्या गावांत राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावाच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच, आणि फायबर जोडणी गल्लीतली वीज गेली तरी बहुतेक वेळा जिवंत राहते.

तंबोरा कुठे जातो

पंखा, रस्त्यावरची वाहनं, मिक्सर हे आवाज सॉफ्टवेअर गाळून टाकतं. त्याचा ढोबळ नियम असा, की सारखा चालू असणारा आवाज म्हणजे गोंगाट, चढउतार होतो ते बोलणं. आता तंबोरा घ्या. त्याचं कामच सारखं चालू राहणं. कॉलवर गाणं शिकवणाऱ्या बाई सुरात लावलेला तंबोरा छेडतात आणि विद्यार्थ्याकडे तो दोन सेकंदांत विरून जातो. पेटीचा लांबवलेला सूर अर्ध्यात खचतो, तबल्याची थाप खटका समजून दाबली जाते. बाईंना यातलं काही कळत नाही, त्यांच्या खोलीत तंबोरा वाजतच असतो.

झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' ही सोय आहे. ऑडिओच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी आणि मग मीटिंगच्या पडद्यावर वरच्या बाजूला बटण दिसतं तेही दाबावं. दुसरी पायरी बरेच जण विसरतात. मीटच्या सेटिंगमध्ये गोंगाट गाळण्याचा पर्याय दिसत असेल तर तो बंद करता येतो. गाळणं थांबलं की पंखाही ऐकू जाणार, म्हणून दोघांनीही हेडफोन लावायला हवेत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने होत नाही: दोन शहरांतून एकत्र आरती म्हणणं. लय धरायला साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा लागतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर धरले तरी नुसत्या प्रवासात ६० मिलिसेकंद जातात, आणि पुड्या बांधणं, साठवणं, सोडवणं वेगळं. त्यामुळे गणपतीत एका घराने म्हणावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून साथ द्यावी. प्रत्येकाला आपल्या घरात आरती तालात ऐकू येते.

अनोळखी व्हिडिओ कॉल

संगणकावर कॉल सुरू झाला की नको ती माणसंही त्या दाराने येतात. गणवेश घातलेला माणूस पडद्यावर येतो, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही अशी तंबी देतो. यालाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. भारतीय कायद्यात असा अटकेचा प्रकार नाही. पोलीस, सीबीआय किंवा ईडी व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे मागत नाहीत. मे २०२४मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितलं होतं, की अशा धमक्यांसाठी वापरलेली एक हजाराहून जास्त स्काइप खाती मायक्रोसॉफ्टच्या मदतीने बंद केली. स्काइप गेलं, तरी हा धंदा दुसऱ्या ॲपवर चालूच आहे.

कॉल तोडला तर काहीही होत नाही, म्हणून तोडावा. 'स्क्रीन शेअर' हे बटण ओळखीच्या माणसासाठीच वापरावं. बँकेचं पान उघडं असताना तर त्याला हातच लावू नये, कारण तुमच्या पडद्यावर जे दिसतं, अगदी ओटीपीसुद्धा, ते समोरच्याला दिसतं. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मोबाइलवरून त्याच तासात लावावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.